बर्फ घरचा, पण पाणी कुठले?

वैशाख लागला की परभणीत दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा ४४ च्या पुढे सरकतो. घरात बसून राहण्याची ज्याची ऐपत आहे तो बसतो. पण बांधकामावर पाटी उचलणाऱ्याला, मोंढ्यात पोती वाहणाऱ्याला, ऑटो हाकणाऱ्याला ऊन आहे म्हणून सुट्टी मिळत नाही. अशा माणसाला गार पाण्याचा, लिंबू सरबताचा एक ग्लास मिळाला की जीव परत आल्यासारखा वाटतो.

आमच्या वस्तीतल्या एक ताई चार वर्षांपासून लिंबू सरबताचा गाडा लावतात. मालक गवंडीकामाला जातात, दोन लेकरे शाळेत आहेत. सरबताला बर्फ लागतो. तो रोज सकाळी कारखान्यातून लादीच्या तुकड्याने आणायचा, पोत्यात गुंडाळायचा आणि गाड्यापर्यंत पोचेतो त्यातला निम्मा पाणी होऊन जायचा. शेवटी ताईंनी बचत गटातून कर्ज उचलले आणि बर्फ बनवण्याचे एक छोटे यंत्र घेतले. टेबलावर मावते, वरून हाताने पाणी ओतायचे, दहा-बारा मिनिटांत बोटाच्या पेराएवढे बर्फाचे खडे पडतात. पहिले पंधरा दिवस वस्तीतली पोरे ते बघायलाच जमायची.

महिना उलटला आणि खडे बारीक पडू लागले. मग ते पांढुरके झाले. ग्लासात बर्फ विरघळला की तळाशी पांढरा भुगा दिसायचा, गिऱ्हाईक तोंड वाकडे करायचे. सहाव्या आठवड्यात यंत्राने पाण्याचा लाल दिवा लावला तो विझेचना. टाकी तर काठोकाठ भरलेली! ताई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, पाणी तर काचेवानी हाय. मंग ह्याला झालं काय? अजून सात हप्ते बाकी हायेत."

आम्ही काही यंत्राचे जाणकार नाही. पण वस्तीतल्या फ्रीज दुरुस्त करणाऱ्या एका दादांना घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडले आणि आत बोट फिरवून दाखवले. बोटाला चुन्यासारखी खरखरीत खपली लागली. ती आतल्या धातूच्या दांड्यांवर होती, पंपाच्या बारीक भोकात होती, आणि पाणी आहे की नाही हे ओळखणाऱ्या छोट्या डोळ्यावरही होती. तो डोळाच आंधळा झाल्यामुळे टाकी भरलेली असूनही यंत्राला रिकामी वाटत होती. ताई पाणी घालत होत्या बोअरचे.

आपला जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून मुरणारे पाणी आपल्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला आणि गिझरला पांढरा थर धरतो, हे आपल्या घरोघरच्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. जिंतूर असो, सेलू असो की पालम, जिथे उन्हाळ्यात बोअर खोल खोल जाते तिथे हा अनुभव आहेच. मात्र जे पाणी बादलीला थर धरवते ते यंत्रालाही धरवणार, इकडे कुणाचे लक्ष जात नाही.

बर्फाच्या यंत्रात तर हे दुप्पट होते. पाणी गोठताना शक्य तेवढे क्षार बाहेर ढकलून गोठते. या छोट्या यंत्रात धातूच्या गार दांड्या पाण्यात बुडतात, त्यांच्याभोवती बर्फ धरतो, आणि जे पाणी गोठले नाही ते परत टाकीत जाते. म्हणजे बर्फ तुलनेने निर्मळ आणि उरलेले पाणी अधिक खारट. दुसऱ्या फेरीला तेच पाणी वापरले जाते, तिसऱ्या फेरीला आणखी खारट. ताई टाकी कधी रिकामी करत नव्हत्या, कमी झाले की वरून भर घालत होत्या. आठवड्याभरात त्या टाकीत काय साठले असेल याची कल्पना करा! फ्रीजमधल्या साच्यात बर्फ लावला तर मधोमध पांढरा डाग दिसतो तो याच कारणाने. बाहेरून आत गोठत जाताना हवा आणि क्षार मध्ये कोंडले जातात.

इथपर्यंत नुकसान यंत्राचे. पण आम्हाला खरी काळजी वेगळीच वाटते.

काही वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीने सरबताचा स्टॉल लावला होता. पाणी पाजणे हे आपल्या समाजाला साधे काम वाटत नाही, आणि वाटूही नये. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती उगाच नव्हे. पिंप भरून सरबत केले, पाणी जारचे आणले, वर लादीचा बर्फ फोडून टाकला. पुढच्या चार दिवसांत वस्तीतल्या कितीतरी लेकरांना जुलाब लागले. एका मुलीचा ताप उतरेना, टायफॉइड निघाला, आठवडाभर दवाखान्यात ठेवावे लागले. बापाची आठ दिवसांची मजुरी बुडाली, औषधाचा खर्च वेगळा. सगळ्यांनी जारवाल्याला बोल लावला. लादी पोत्यातून ओढत आणली, सिमेंटच्या ओट्यावर ठेवून हातोडीने फोडली, हे कुणाला आठवलेच नाही. बर्फानेच झाले असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बर्फ संशयाच्या बाहेर कसा राहिला, याचे आजही नवल वाटते.

गार म्हणजे शुद्ध हा आपला गोड गैरसमज आहे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत. टायफॉइडचे, पटकीचे, काविळीचे जंतू बर्फात निपचित पडून राहतात आणि बर्फ विरघळला की पुन्हा आपल्या कामाला लागतात. बाजारातला सगळाच बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो हेही लक्षात असावे. मासळी ठेवायला, माल गार ठेवायला जो बर्फ बनतो त्याच्या पाण्याची फारशी चौकशी होत नाही. म्हणूनच २०१८ साली महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने असा न खाण्याचा बर्फ निळा रंग घालूनच बनवावा असा आदेश काढला. निळसर बर्फ गोळ्याच्या किंवा सरबताच्या गाडीवर दिसला तर लेकराचा हात धरून पुढे चालावे.

जाता जाता एक गंमत. आपल्या मुलखात बर्फ पहिल्यांदा आला तो १८३० च्या दशकात, थेट अमेरिकेतून, जहाजात लाकडाच्या भुशात पुरून. तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ करवतीने कापून मुंबईला विकायला आणत. त्या काळी तो बड्या शेठ-साहेबांच्या मेजवानीतच दिसे. आज आपल्या ताई तो टेबलावर बनवतात. मग तो त्या साहेबांच्या बर्फापेक्षा सरसच असला पाहिजे!

आता फिल्टरचे. ताईंचे यंत्र बंद पडल्याची बातमी फुटली आणि दुसऱ्याच दिवशी बॅग घेतलेला एक विक्रेता दारात हजर झाला. त्याने दोन ग्लास मांडले, एकात बोअरचे पाणी, दुसऱ्यात आपल्या फिल्टरचे. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. मिनिटाभरात बोअरचे पाणी तपकिरी, गढूळ, वर घाण फेस. फिल्टरचे मात्र तसेच स्वच्छ. बघणाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला. "बघा, हे पाजता तुम्ही लेकरांना!" असे तो म्हणाला आणि पावतीपुस्तक काढले.

वाचक भगिनींनो, ही हातचलाखी आहे. त्या कांड्यांत लोखंड असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, आणि वीज वाहिली की कांडीचेच लोखंड सुटून पाण्यात गंजासारखे उतरते. ती घाण कांडीची, तुमच्या पाण्याची नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून तिथे काही दिसत नाही. खात्री करायची असेल तर त्या विक्रेत्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा कांड्या बुडवायला सांगा. आम्ही तेच केले. त्याचे पाणीही तपकिरी झाले. बॅग आवरून तो असा गेला की पुन्हा वस्तीत दिसला नाही.

पाणी तपासल्याशिवाय फिल्टर घेणे म्हणजे ताप कसला हे न पाहता औषध घेणे. टीडीएस मोजायचे पेनासारखे मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळते, पाच घरांत मिळून एक घेतले तरी पुरे. ते पाण्यात विरघळलेले क्षार दाखवते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हा आकडा लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. जडपणाची हद्द तशीच २०० आणि ६०० आहे. पण हे मीटर जंतू दाखवत नाही. नालीचे पाणी मिसळलेल्या नळाचा आकडाही २०० येऊ शकतो. मराठवाड्यातल्या काही ठिकाणच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि फ्लोराइड निघतात, तेही मीटर वेगळे करून सांगत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बाटली द्यावी. खेड्यात राहणाऱ्या वाचकांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचे शिक्षण द्यायचे ठरलेले आहे. आपल्या गावात त्या पाच कोण आहेत आणि पेटी कुठल्या कपाटात बंद आहे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

ताईंच्या बोअरचा आकडा निघाला अकराशेच्या घरात. नळाच्या पाण्याचा निघाला तीनशेच्या आतबाहेर. नळ रोज येत नाही, ही आपली जुनी रड. पण आला की दोन पिंपे भरून ठेवता येतात.

मग कोणता फिल्टर? तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. स्टीलचा कँडलवाला फिल्टर आपल्या कित्येक घरांत माळ्यावर पडून आहे, तो खाली काढा. कँडल चांगली असेल तर गाळ आणि बरेचसे जंतू अडतात, वीज लागत नाही. मात्र क्षार अडत नाहीत. युएफ नावाच्या बारीक नळ्यांच्या फिल्टरचेही तसेच, जंतूंना चांगला, क्षारांना निरुपयोगी. यूव्हीच्या दिव्याने जंतू मरतात, पण पाणी आधी नितळ हवे आणि वीज हवी. कोळशाच्या फिल्टरने नळाच्या पाण्याचा क्लोरीनचा वास जातो आणि बर्फाची चव सुधारते. पण क्लोरीन गेले की पाण्याचा राखणदारही गेला. असे पाणी दोन-दोन दिवस साठवू नये, लगेच बर्फ लावावा.

जडपणावर इलाज करणारे दोनच. एक म्हणजे पाणी हलके करणारा, ज्याला सॉफ्टनर म्हणतात. तो कॅल्शियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. मीटरवरचा आकडा तेवढाच राहतो, म्हणून फसवणूक झाली असे वाटून घेऊ नये, थर धरणे मात्र थांबते. अधूनमधून त्याला मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी खायला सांगितले आहे त्यांनी ते पाणी पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दुसरा इलाज आरओ. त्याच्या पडद्यातून क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू सगळेच बहुतांशी अडतात. बोअरशिवाय दुसरे पाणीच नसेल आणि आकडा हजाराच्या घरात असेल तर बर्फासाठी याला तोड नाही.

पण आरओ पाणी फेकतो. घरगुती यंत्रात एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर नळीतून वाया जाते. ज्या गावात मे महिन्यात टँकरमागे घागरी घेऊन धावावे लागते, तिथे ही उधळपट्टी आम्हाला तरी बघवत नाही. नळी मोरीत सोडण्याऐवजी बादलीत सोडा. ते पाणी भांडी विसळायला, फरशी पुसायला, संडासला चालते. झाडांना रोज घालू नये, माती खारते. आणि नळाचे पाणी आधीच कमी क्षारांचे असेल तर आरओ घेऊच नये. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घालावी असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली सरकारला सांगितले होते, ते याच कारणाने.

घ्यायचाच ठरला तर डब्यावर आयएसआय खूण आणि आयएस १६२४० हा क्रमांक पाहावा. गाळाचा फिल्टर, कोळसा आणि पडदा बदलायला काय खर्च येतो हे घेण्याआधी विचारावे. विकत घेताना पाच-सहा हजार द्यायचे आणि पुढे दरवर्षी दोन-तीन हजार, हे हप्त्यावाल्या घराला आधी कळलेले बरे. आकाराचा मोह नको. एक किलो बर्फाला एक लिटर पाणी. ताईंना दिवसाला सहा-सात किलो बर्फ पुरतो, म्हणजे सात लिटर पाणी. त्याला मोठा प्लांट कशाला? काही आरओला कच्चे पाणी मिसळण्याचा छोटा स्क्रू असतो. प्रयोगशाळेच्या कागदावर नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघाले असेल तर तो स्क्रू बंदच ठेवावा, नाहीतर पुढच्या दाराने हाकललेले मागच्या दाराने आत येते. आणखी एक. काही बर्फयंत्रे पाणी आहे की नाही हे त्यातल्या क्षारांवरून, वीज वाहते का यावरून ओळखतात. त्यांना अगदी कोरे आरओचे पाणी दिले तर टाकी रिकामी आहे असेच वाटते. यंत्र घेताना दुकानदाराला हा प्रश्न विचारून त्याचा चेहरा बघावा.

ताईंनी आरओ घेतला नाही. कर्जावर कर्ज नको म्हणाल्या. फ्रीजवाल्या दादांनी लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून ते यंत्रात अर्धा तास खेळवले, मग साध्या पाण्याने तीनदा धुतले. खपल्या सुटून आल्या, डोळा उघडला, लाल दिवा विझला. आता बर्फाला फक्त नळाचे पाणी. ते आदल्या रात्री उकळायचे, खळाळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवले की जंतूंसाठी पुरेसे. उकळल्याने थोडा चुनाही तळाशी बसतो. गार झाल्यावर वरचे पाणी न हलवता फडक्यातून गाळून, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. तळाचे दोन पेले टाकून द्यायचे. रात्री गाडा आवरला की यंत्राची टाकी पूर्ण रिकामी करायची आणि झाकण उघडे ठेवून वाळवायची. दर पंधरा दिवसांनी लिंबूसत्त्व. तारीख त्या चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहितात. गॅस जास्त जळतो हे खरे, पण लादी आणायचे पैसे वाचतात. हिशोब बसतो असे त्यांचे म्हणणे आहे.

यंत्र नसलेल्यांचे काही अडत नाही. फ्रीजमधला साचा किंवा झाकणाचा स्टीलचा डबा यात असेच पाणी गोठवले तर तो बर्फ कुठल्याही यंत्राच्या बर्फाइतकाच चांगला. लाईट गेली आणि बर्फ विरघळला तर तेच पाणी पुन्हा गोठवू नये. आणि बर्फाला हात लावू नये. हे आम्ही शेवटी लिहीत आहोत पण मान पहिला आहे. पाणी कितीही उकळले, आणि पैसे मोजलेल्या, नाक पुसलेल्या हाताने मूठभर बर्फ ग्लासात टाकला, तर सगळी मेहनत पाण्यात. ताईंनी चिमटा घेतला आहे, तो गाड्याला सुतळीने बांधला आहे. सुट्टे पैसे लेकीकडे, चिमटा आईकडे.

यंदाच्या जयंतीला स्टॉलचा बर्फ वस्तीनेच करायचा असे बैठकीत ठरले. एका यंत्राने काही होणार नव्हते. म्हणून चार घरांचे फ्रीज तीन दिवस आधीपासून मागून घेतले, नळाच्या दिवशी पिंपे भरली, दोन मोठ्या पातेल्यांत पाणी उकळले. ज्या मुलीला टायफॉइड झाला होता ती आता नववीत आहे. डब्यांवर घरांची नावे आणि तारखा तिनेच लिहिल्या. मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर यायला रात्रीचे दहा वाजले. बर्फ अकरापर्यंत पुरला. त्यानंतर आलेल्यांना माठातले पाणी दिले.